तुकडे सगळे येतात, सोलो येत नाही

पत्र आलंय सांगलीहून. थोडं कापून देतोय.

"सर नमस्कार. माझं वय ३८, शाळेत शिकवते. गिटार हातात घेऊन दोन वर्षं झाली. सध्या होटेल कॅलिफोर्निया ह्या इंग्लिश गाण्याचा शेवटचा गिटार सोलो बसवतेय. दोन दोन बारचे तुकडे केलेत, फोनमधल्या ॲपवर एकेक तुकडा लूपला लावते आणि स्पीड कमी करून रोज रात्री अर्धा तास वाजवते, तीन महिने झाले. ७० टक्के स्पीडला प्रत्येक तुकडा छान येतो. पण जोडून वाजवायला गेले की प्रत्येक जोडावर गाडी थांबते, आणि १०० ला नेलं की बोटंच अडकतात. घरात सगळ्यांना तो सोलो पाठ झालाय, मिस्टर तर भाजी चिरताना गुणगुणतात, फक्त मलाच वाजवता येत नाही. क्लासचे सर म्हणतात गाणं हळू करून शिकणं म्हणजे कॉपी करून पास होणं, कान तयार होत नाही. मी चुकीच्या रस्त्यावर आहे का? पैसे भरून एखादं चांगलं सॉफ्टवेअर घेतलं तर फरक पडेल का?"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी पहिल्यांदा कागद घेऊन एक हिशोब केला, तोच आधी सांगतो. ह्या गाण्याची लय मिनिटाला साधारण ७५ बीट्स आहे, म्हणजे चार बीट्सचा एक बार झाला ३.२ सेकंदांचा, दोन बारचा तुकडा ६.४ सेकंदांचा, आणि तोच ७० टक्क्याला लावला की ९ सेकंदांच्या जरा वर. अर्धा तास एकच तुकडा चालू ठेवला तर तो जवळजवळ दोनशे वेळा वाजतो. आता मला सांगा, त्या दोनशे वेळांत तुकड्याचा शेवटचा सूर वाजल्यावर तुमचा डावा हात काय करत होता? उचलून परत पहिल्या सुरावर जात होता, बरोबर ना. म्हणजे एका रात्रीत दोनशे वेळा तुम्ही हाताला शिकवलंत की हा सूर आला की मागे फिरायचं. आणि असे तीन महिने. मग आता पुढचा तुकडा जोडायला गेलात की हात तिथे थबकणारच, त्याला पुढचा रस्ता कुणी दाखवलेलाच नाहीये. तुमचा हात मंद नाही आणि तुमची मेहनत कमी पडलेली नाही, उलट मेहनत इतकी झालीये की चुकीची गोष्ट पक्की बसलीये. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं कारण रोज शाळा करून, घरचं आवरून रात्री अर्धा तास काढणं काय असतं ते मला माहितीये, आणि तो अर्धा तास जरा वेगळ्या जागी कापला असता तर आत्तापर्यंत सोलो हातात असता.

तर पहिलं काम म्हणजे लूप कुठे कापायचा ते बदला. कोकणात घरावर कौलं चढवताना बघितली असतील, एक कौल दुसऱ्याला नुसतं टेकवून ठेवत नाहीत, थोडं अंगावर चढवतात, नाहीतर पाणी बरोबर त्या फटीतून आत येतं. लूपचं अगदी तेच. तुमचा तुकडा दोन बारचा असेल तर लूप तीन बारचा करा. बार १, २ आणि ३. तिसऱ्या बारमधले पुढच्या तुकड्याचे पहिले दोनतीन सूर वाजवायचे आणि उरलेला बार मोकळा सोडायचा, तेवढ्यात हात आरामात मागे येतो. पुढचा लूप सुरु होणार ३ पासून, तो ३, ४, ५. मग ५, ६, ७. आणि शेवटचा ७, ८ आणि पुढच्या फेरीचा पहिला बार. असं केलं की प्रत्येक जोड कुठल्या ना कुठल्या लूपच्या आत येतो, बाहेर काहीच राहत नाही. ७० टक्क्याला तीन बारचा लूप होतो पावणेचौदा सेकंदांचा, अर्ध्या तासात रिपिट कमी होतील, होऊ द्या.

आणि ही जी बारांची मोजणी आहे ती ह्या गाण्यात फार सोपी आहे. मागे कॉर्ड्स चालू आहेत ते ऐका, बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर, परत एफ शार्प, एकेका बारला एक कॉर्ड, आठ बारमधे एक आवर्तन पूर्ण होतं आणि परत बी मायनरवर सम. सोलो सगळा ह्याच चक्रावर आहे. तुम्ही सांगलीच्या, आयुष्यात कधीतरी तबला ऐकत मांडीवर टाळी दिली असेलच, तसंच इथे करा, गिटार बाजूला ठेवा आणि फक्त सम कुठे येते ते टाळीने दाखवत पूर्ण सोलो ऐका. एकही टाळी चुकली नाही असं झालं की मगच लूप कापायला बसा. मी हे सांगतोय कारण बहुतेक लोक लूप कापतात तो सोलोच्या सुरांवरून, म्हणजे जिथे गिटारने श्वास घेतला तिथे ए, लूपच्या सुरुवातीची खूण, आणि जिथे परत थांबली तिथे बी, शेवटची खूण, आणि मग तो लूप पावणेदोन बारचा किंवा दोन बार आणि अर्ध्या बीटचा होतो. एकदा ऐकलं तर काही वाटत नाही पण पन्नास वेळा फिरला की लय लंगडी होते आणि ती लंगडी लयच अंगात मुरते. मागे ठेका आहे, त्या ठेक्यावरून कापा. फ्रेज, म्हणजे सुरांचं एक वाक्य, समेच्या आधी उठत असेल, आणि बऱ्याचदा उठतेच, आपल्याकडे मुखडा नाही का समेच्या आधी सुरु होऊन समेवर येऊन पडत, तर अख्खा एक बार आधीपासून लूप घ्या, पण बार तोडू नका.

ए आणि बी लावताना अजून एक गंमत होते, तुम्ही ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर. घरात सगळे झोपलेले असतात म्हणजे बहुतेक वापरतच असाल. ब्लूटूथमधे आवाज कानापर्यंत यायला थोडा उशीर होतो, सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी धरा, म्हणजे तुम्ही सम ऐकून बटण दाबलंत तेव्हा फोनमधलं गाणं समेच्या पुढे गेलेलं असतं आणि लूपचा पहिला सूर कापला जातो. सोबत वाजवायला ह्याने काही बिघडत नाही, कारण तुम्ही जे ऐकताय त्याच्यासोबतच वाजवताय, पण खुणा मात्र चुकतात. म्हणून खुणा लावताना वायरवाले हेडफोन घ्या, आणि स्पीड आधी ५० करुन मग दाबा, म्हणजे बोटाचा उशीर गाण्यात अर्धाच मोजला जातो. ज्या सॉफ्टवेअरमधे आवाजाची लाट दिसते तिथे तर डोळ्यांनीच बघून ड्रमच्या ठोक्यावर खूण सरकवता येते, ते सगळ्यात उत्तम.

आता ७० वरून १०० ला का अडकतं. हा दुसरा रोग आहे, पहिल्याशी त्याचा संबंध नाही.

हळू वाजवताना हाताला भरपूर वेळ असतो आणि त्या वेळात कसंही वाजवलं तरी निभावतं. ७५ च्या लयीत एका बीटचे चार सूर असतील तर एकेका सुराला ०.२ सेकंद मिळतात, ५० टक्क्याला ०.४. ह्या ०.४ मधे तुम्ही बोट तारेपासून पेरभर वर उचललं तरी चालतं, पिक, म्हणजे तार छेडायची चकती, वरून खाली जायची होती तिथे खालून वर गेलं तरी चालतं, मधे जरा विचार केला तरी चालतं. १०० ला ह्यातलं एकही चालत नाही. म्हणजे तुम्ही ७० ला जो सोलो घोटलाय तो १०० च्या सोलोचा हळू फोटो नाहीच, तो हाताच्या दृष्टीने वेगळाच सोलो आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी उलटं करायला लावतो. आधी पुऱ्या स्पीडला फक्त चार सूर. अख्खी फ्रेज नाही, चारच सूर, वाजवून थांबायचं. बेसूर आले तरी चालतील. त्या चार सुरांत उजवा हात आपणहून कुठल्या दिशेने गेला ते बघायचं, खाली, वर, खाली, खाली, जे असेल ते टॅबवर, म्हणजे कुठल्या तारेवर कितवा फ्रेट दाबायचा ते आकड्यांत लिहिलेल्या कागदावर, पेन्सिलीने लिहून ठेवायचं. मग ५० ला यायचं आणि तीच दिशा, तोच छोटा झटका, बोट तारेच्या इतकं जवळ की मधून पोस्टकार्ड जाईल न जाईल, असं हळू वाजवायचं. म्हणजे हळू वाजवताना पण हात जलद वाजवण्याच्याच सवयी लावतोय. हे केल्यावर मग ५०, ५५, ६० असं पाच पाचने चढवत न्या. एका स्पीडला सलग तीन वेळा जोडासकट स्वच्छ आलं की पुढे, एकदा अडकलं की दहाने मागे. आणि रात्रीचा शेवट कधीही अडकलेल्या स्पीडवर करू नका, खाली येऊन एकदा सुंदर वाजवा आणि मग गिटार ठेवा, सकाळी हात तेच लक्षात ठेवून उठतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. ९५ ला आलात की एकदोन वेळा १०५ ला पण लावून बघा, नाही आलं तर सोडून द्या, पण नंतर १०० ला आल्यावर जागा मोकळी वाटते.

तबल्याचा कायदा असाच तयार करतात ना, आधी ठाय, मग दुगुन, पण ठायीमधे बोटं ज्या जागी पडतात त्याच जागी दुगुनीत पडली पाहिजेत म्हणून गुरुजी ठायीतच हात धरून दुरुस्त करतात. हळू वाजवणं ही काही आजच्या ॲपवाल्यांनी शोधलेली गोष्ट नाही हो.

म्हणून तुमच्या क्लासच्या सरांचं ते कॉपीवालं म्हणणं मला पटत नाही. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो. त्यांची काळजी खरी आहे, ती कशाबद्दल आहे ते खाली येतोच, पण हळू करून ऐकणं ह्यात चोरी कसली? ज्या जुन्या लोकांनी कानाने शिकून घेतलं म्हणून आपण हात जोडतो त्यांनीही हेच केलं, फक्त त्यांची साधनं वेगळी होती. एलपी फिरायची मिनिटाला ३३ आणि एकतृतीयांश वेळा, आणि बऱ्याच जुन्या रेकॉर्ड प्लेयरवर अजून एक खालचा स्पीड असायचा, १६ आणि दोनतृतीयांश, बरोबर अर्धा. त्यावर लावलं की सोलो अर्ध्या लयीत आणि अख्खा एक सप्तक खाली ऐकू यायचा, सूर तेच, फक्त खर्जातले. जॅझवाल्यांनी, रॉकवाल्यांनी असं ऐकून ऐकून सोलो उतरवलेत. आवाज खाली न जाता फक्त लय कमी करायची युक्ती नंतर कॉम्प्युटरने आणली, तिची एक मुळाची पद्धत अमेरिकेतल्या बेल लॅब्स ह्या संशोधन संस्थेत फ्लॅनगन आणि गोल्डन ह्या दोघांनी १९६६ साली मांडली होती, पण ती आपल्यासारख्यांच्या टेबलावर यायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

माझं शिक्षण कॅसेटवर झालं. १९८८ साली आमच्या घरी एक टू-इन-वन होता, त्याचं रिवाइंडचं बटण दाबून दाबून गुळगुळीत झालेलं, आणि लूप म्हणजे माझा अंगठा. दोन सेकंद मागे, प्ले, परत मागे. सेल उतरले की टेप हळू फिरायची, मला वाटायचं बरं झालं, ऐकायला सोपं जातंय, पण त्याबरोबर सूर पण उतरायचा आणि मी गिटार त्या उतरलेल्या सुराला लावून बसायचो. महिनाभर एक गाणं असं बसवलं आणि मित्राकडे हार्मोनियमसोबत वाजवायला गेलो तर काहीच जुळेना, पाव सूर खाली सगळं. तेव्हापासून आजपर्यंत रेकॉर्डिंगसोबत वाजवायच्या आधी मी एक सूर लावून बघतो की हे रेकॉर्डिंग माझ्या ट्यूनरशी जुळतंय का. तुम्हीही बघा. फाइल कुठून आलीये त्यावर अवलंबून ती जराशी वरखाली असू शकते, आणि आता सॉफ्टवेअरमधे सेंटने सूर सरकवता येतो, १०० सेंट म्हणजे एक सेमीटोन, त्यामुळे गिटार न हलवता गाणंच हलवा. पुढे कधी गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्सचं काही वाजवायला घेतलंत तर तो बऱ्याचदा गिटार अर्धा सूर उतरवून लावायचा, तेव्हा गाणं एक सेमीटोन वर घ्यायचं आणि तारा आहेत तशा ठेवायच्या.

आणि तुम्ही जो सोलो बसवताय त्याचाच किस्सा सांगतो, तो सरांनाही सांगा. हे गाणं ईगल्स ह्या बँडचं, त्यांचा गिटारिस्ट डॉन फेल्डर, त्याने ही ट्यून आणि हा सोलो आधी घरी एका डेमो टेपवर वाजवून ठेवलेला. पुढे १९७६ ला मायामीत रेकॉर्डिंग करताना तो आणि बँडचा दुसरा गिटारिस्ट जो वॉल्श स्टुडिओत नवीन काहीतरी वाजवायला लागले, तर गायक आणि ड्रमर डॉन हेन्लीने थांबवलं आणि म्हणाला डेमोवर होतं तसंच पाहिजे. फेल्डरला ते आठवेना. मग त्याने लॉस एंजेलिसजवळ मालिबूला घरी फोन लावला, घर सांभाळणाऱ्या बाईंना ती कॅसेट शोधून लावायला सांगितली, त्यांनी टेपसमोर फोन धरला आणि त्याने फोनवरून ऐकून स्वतःचाच सोलो परत बसवला. त्याने स्वतः मुलाखतींमधे सांगितलंय हे. ज्याने बांधला त्यालासुद्धा कॅसेट लावून कानाने उचलावा लागला, मग आपण दोन बार हळू करुन ऐकले तर त्यात लाज कसली?

आता सरांची काळजी कशाबद्दल आहे ते. टॅब समोर उघडलेला, डोळे आकड्यांवर, लूप मागे चालू, बोटं आकडे दाबतायत. ह्यात कान कुठे आहे? कुठेच नाही. हे करत असाल तर सर बरोबर आहेत आणि मी त्यांच्या बाजूने आहे. माझ्या मते स्पीड कमी करायचं बटण हे पहिलं कानासाठी आहे, बोटांचा नंबर नंतर. नवीन लूप कापला की पहिले दहा वेळा गिटारला हात लावू नका. ऐका. मग गुणगुणा, आवाज कसाही असो, ल ल ल करून सूर धरा, बेंड, म्हणजे तार ओढून सूर चढवणं, कुठे आहे ते गळ्याने दाखवा. गळ्यातून आलं म्हणजे कानात बसलं. मग गिटारवर ते सूर शोधा, आणि टॅब सगळ्यात शेवटी उघडा, तपासायला. पहिल्या आठवड्यात ह्याला फार वेळ लागेल, वैताग येईल, चौथ्या आठवड्यात तुम्ही टॅबमधली चूक पकडाल. नेटवरच्या टॅब्जमधे असतात चुका, भरपूर असतात.

हळू केल्यावर काय ऐकायचं, तर सूर तर कळतातच पण खरी कमाई आहे बेंडची. बेंड म्हणजे आपली मींडच की. पुऱ्या स्पीडला नुसतं कळतं की सूर वर गेला. ५० ला लावा, मग कळतं की तो सरळ वर नाही गेला, आधी जरा थांबला, मग चढला, आणि बरोबर पुढच्या बीटवर पोचला, पोचल्यावर मग हलका थरथरला. हे सगळं कुठल्याही टॅबमधे लिहिलेलं नसतं, तिथे फक्त एक बाण असतो. बी मायनरमधे सारखा लागणारा बेंड घ्या, दुसऱ्या तारेवर दहाव्या फ्रेटला ए आहे, तिथून ओढून बी पर्यंत जायचं. आधी त्याच तारेवर बाराव्या फ्रेटला बी साधा दाबून वाजवा, तो कानात धरा, मग दहाव्याला अनामिकेने ओढा, मागे मधलं बोट आणि तर्जनी आधाराला लावून, एकट्या बोटाच्या जोरावर नाही, आणि मनगट फिरवून. बी आला की नाही ते बोटाला विचारू नका, कानाला विचारा. माझ्याकडे एक मुलगा येतो, छान वाजवतो, पण काहीतरी खटकायचं आणि त्याला कळायचं नाही काय ते. मी त्याचंच वाजवणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि अर्ध्या स्पीडला लावून दिलं. गप्प झाला. बेंड प्रत्येक वेळी पाव सूर आधीच थांबत होता आणि प्रत्येक चौथा सूर घाईने आधी पडत होता. पुऱ्या स्पीडला हे आम्हा दोघांनाही फक्त "खटकतंय" एवढंच कळत होतं. त्या दिवसापासून मी हे सगळ्यांना करायला लावतो. ओरिजनल हळू करून ऐकताच ना, मग स्वतःचं पण हळू करून ऐका, आठवड्यातून एकदा तरी. मन घट्ट करून ऐका, सुरुवातीला त्रास होतो.

बरं, सॉफ्टवेअर. आत्ता पैसे भरू नका, एवढं नक्की सांगतो. तुमचा प्रॉब्लेम सॉफ्टवेअरचा नाही.

कॉम्प्युटर असेल तर व्हीएलसी आहेच घरोघरी, त्याच्या व्ह्यू मेनूमधे ॲडव्हान्स्ड कंट्रोल्स चालू केलं की ए-बी लूपचं बटण खाली येतं आणि स्पीड चौकटी कंसाच्या बटणांनी कमीजास्त होतो, सूर तोच राहून. फुकट आणि पुरेसं. त्याच्या वर जायचं तर ऑडॅसिटी, तेही फुकट, आणि तिथे आवाजाची लाट दिसते म्हणजे वर म्हटलं तसं ड्रमच्या ठोक्यावर नेम धरून कापता येतं. फक्त तिथे चेंज टेम्पो वापरा, नावात स्पीड असलेला पर्याय सूर पण खाली ओढतो, आमच्या जुन्या टेपसारखा. चेंज टेम्पोमधे हाय क्वालिटीची एक टिक आहे ती लावा, वेळ जास्त घेतं पण आवाज कमी फाटतो. यूट्यूब मला सरावाला आवडत नाही. स्पीड कमी होतो, कस्टममधे ०.०५ च्या पायऱ्यांनी होतो, पण दोन बारचा लूप त्याच्या स्वतःच्या बटणांनी लावता येत नाही, अख्खा व्हिडिओच फिरतो, आणि मधेच जाहिरात आली की लय तुटते ती तुटतेच. हातांच्या जागा बघायला यूट्यूब उत्तम, तेवढ्यापुरतं ठेवा. आणि गाण्याची फाइल विकत घेऊन ठेवा कारण स्ट्रीमिंग ॲपमधे डाउनलोड केलेलं गाणं ह्या बाहेरच्या सॉफ्टवेअरमधे उघडत नाही, खूप जणांचं तिथेच अडतं.

पैसे भरायचे दिवस येतील तेव्हा, म्हणजे जेव्हा तुम्हाला टॅबच न मिळणारं काहीतरी स्वतः ऐकून उतरवायचं असेल तेव्हा, सेव्हन्थ स्ट्रिंगवाल्यांचं ट्रान्सक्राइब बघा. ३० दिवस फुकट वापरून बघता येतं, बार आणि बीटच्या खुणा लावता येतात, आणि ज्या क्षणावर थांबाल तिथे कुठले सूर वाजतायत ते खाली पियानोच्या पट्टीवर अंदाजाने दाखवतं. अंदाजच तो, त्यावर पूर्ण विसंबू नका. फोनवर अमेझिंग स्लो डाउनर वर्षानुवर्षं आहे, साधं आणि एका कामाचं, मला अशी साधी ॲप्स आवडतात. ५० च्या खाली मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरने जाऊ नका असं मी म्हणेन, अगदी एखाद्या सुरापुरतं सोडून. ही सगळी सॉफ्टवेअर्स आवाजाचे बारीक बारीक तुकडे करून ते एकमेकांवर चढवून लांबवतात, लांबलेला सूर त्यात निभावतो पण पिकचा टक्क असा जो पहिला घाव असतो तो पसरतो, कधी दोनदा ऐकू येतो, आणि मग सूर नेमका कधी सुरु झाला तेच कळत नाही. पाण्याखालून ऐकल्यासारखं वाटायला लागलं की समजायचं फार ताणलं.

एआयने गाण्यातून आवाज वेगळे करणारी ॲप्स आहेत, मॉइसेस वगैरे, गाणं टाकलं की गायक वेगळा, ड्रम वेगळे, बेस वेगळा. सम शोधायला नुसते ड्रम आणि बेस ऐकणं हा त्याचा फार छान उपयोग आहे. पण तुमच्या सोलोच्या शेवटी जिथे दोन्ही गिटार एकत्र हार्मनीत कॉर्डचे सुटे सूर वाजवत जातात, तिथे त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका, कारण दोन्ही गिटारच आहेत, ते बिचारं वेगळं करणार कशाच्या आधारावर. तिथे परत गळाच कामाला येतो. वरचा सूर गा, मग लूप चालू ठेवून खालचा गा. खालचा सापडायला वेळ लागतो पण एकदा सापडला की परत हरवत नाही. आणि हा भाग सगळ्यात शेवटी घ्या, आत्ता नको.

आत्ताचं असं करा. पहिले आठ बार घ्या फक्त, ७५ च्या लयीत पंचवीस सव्वीस सेकंदांचं काम आहे. वर सांगितले तसे चार लूप, एका रात्री एकच, आणि अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटं गिटार न घेता. पाचव्या रात्री चारही लूप बंद, मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या लयीत टकटक करणारं यंत्र किंवा ॲप, मिनिटाला ४५ ठोक्यांना लावून आठ बार सलग वाजवा, रेकॉर्डिंगच्या आधाराशिवाय. लूपमधे ओरिजनल गिटार मागे चालू असते ना, ती आपल्या चुका झाकून घेते, आपल्याला वाटतं आपणच वाजवतोय. आधार काढला की कुठे काय बसलंय ते लगेच कळतं, आणि जिथे अडकाल तो जोडच पुढच्या रात्रीचा लूप.

आणि मिस्टरांना पाठ झालाय म्हणताय तो मला फार मोठा फायदा वाटतोय. रविवारी दुपारी फोन, हेडफोन सगळं बाजूला ठेवून त्यांना सोलो गुणगुणायला सांगा, त्यांना झेपेल त्या लयीत, आणि तुम्ही त्यांच्या गळ्यावर वाजवा. ते श्वास घ्यायला थांबतील तिथे तुम्हालाही थांबावं लागेल, ते पुढे गेले की जावं लागेल, हे कुठलंच ॲप शिकवत नाही. पहिले आठ बार असे दोघांनी मिळून झाले की फोनवर रेकॉर्ड करून पाठवा, मी पुऱ्या स्पीडला एकदा आणि अर्ध्याला एकदा ऐकून काय ते कळवतो.